हा स्प्रे घरी न्यायचा नसतो

पत्र:

ताई, माझे मिस्टर ५६ वर्षांचे आहेत. दोन वर्षं झाली, डिप्रेशन आहे. आधी एस्सिटालोप्राम १० होती, तीन महिने घेतली, फरक नाही. मग सर्ट्रालीन ५० दिली, ती ॲसिडिटी होते म्हणून पाचएक आठवड्यांत यांनीच बंद केली. आता सहा महिने व्हेनलाफॅक्सिन ७५ चालू आहे, रात्री झोपेसाठी क्लोनाझेपाम. शुगरसाठी मेटफॉर्मिन दहा-बारा वर्षं चालू आहे, बीपीचीही गोळी आहे. सकाळी पलंगाच्या कडेला बसतात, एका पायात मोजा आणि दुसरा हातात. तासभर तसेच. परवा मला विचारत होते, विम्याचे कागद कुठे आहेत ते तुला ठाऊक आहे ना? म्हटलं, आहे. भाचा न्यू जर्सीला असतो. तो म्हणतो, तिकडे नाकात मारायचा स्प्रे निघालाय, दोन दिवसांत माणूस उठून बसतो. त्याच्याकडून मागवता येईल का? की इंदुरातल्या एखाद्या क्लिनिकमध्ये मिळेल? एका ओळखीच्यांनी व्हॉट्सॲपवर एक नंबर दिलाय, ते म्हणे घरपोच देतात. समाजात मी कुणाला काही सांगितलेलं नाही.
एक भगिनी, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर:

ताई, स्प्रेचं मागाहून बोलू. तुमच्या पत्रातलं विम्याच्या कागदांचं वाक्य मी तीनदा वाचलं. तुम्ही ते ओघात लिहून गेलात, पण दोन वर्षं डिप्रेशनमध्ये असलेला माणूस असं विचारतो तेव्हा ते कागदांपुरतं घेऊन चालत नाही. आज रात्री जेवणं झाली की टीव्ही बंद करून त्यांच्याजवळ बसा आणि सरळ विचारा, ‘तुमच्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?’ असं विचारल्याने नसता विचार डोक्यात भरेल, ही भीती खोटी आहे. उलट बहुतेकांना हायसं वाटतं, की कुणीतरी विचारलं. ‘हो’ म्हणाले तर पुढे विचारा, कसं करायचं ठरवलंय का, कधी? त्याचंही उत्तर आलं तर सकाळची वाट बघू नका. त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच रात्री एमवाय हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत किंवा जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात घेऊन जा. ‘नाही’ म्हणाले तरी घरातल्या सगळ्या गोळ्या, शुगरच्या आणि बीपीच्यासुद्धा, तुमच्या ताब्यात ठेवा आणि रोजच्या रोज मोजून द्या. झुरळांचं, ढेकणांचं औषध घरात असेल तर ते घराबाहेर जाऊ दे. आणि १४४१६ हा नंबर फोनमध्ये आत्ताच सेव्ह करा. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट, आणि मराठीतूनही बोलता येतं. तुम्हीही फोन करू शकता, त्यांनीच करायला हवा असं नाही.

हे केल्यावर पुढचं वाचा.

भाचा सांगतो ते औषध खरं आहे. त्याचं नाव एस्केटामाइन, तिकडे स्प्राव्हाटो या नावाने मिळतं. केटामाइन हे भूल द्यायचं जुनं औषध, १९७० पासून वापरात आहे. थोड्या मात्रेत ते डिप्रेशनवर झपाट्याने काम करतं असं २००० साली अगदी मोजक्या रुग्णांवरच्या अभ्यासात दिसलं, आणि तिथून हा सगळा प्रवास सुरू झाला. केटामाइन हे एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं असलेल्या दोन रेणूंचं मिश्रण असतं, एस्केटामाइन हा त्यातला एक. अमेरिकेच्या औषध खात्याने मार्च २०१९ मध्ये त्याला मान्यता दिली, ती ‘दोन औषधं पुरेशा डोसमध्ये, पुरेसे दिवस घेऊनही ज्यांना फरक नाही’ अशांसाठी, आणि सोबत रोजची गोळी चालू ठेवूनच. गोळीशिवाय नुसता स्प्रे द्यायची परवानगी पार जानेवारी २०२५ मध्ये आली. बाकीच्या गोळ्यांना दोन-चार आठवडे लागतात तिथे याचा परिणाम काही जणांत तासा-दिवसांत दिसतो. ‘काही जणांत’ हे शब्द मात्र भाच्याच्या फोनमध्ये गळाले आहेत.

तो देतात कसा ते ऐका, मग घरपोच नंबरवाल्यांबद्दल मला वेगळं सांगावं लागणार नाही. एका छोट्या उपकरणात २८ मिलिग्रॅम औषध असतं, म्हणजे दोन फवारे, प्रत्येक नाकपुडीत एक. एका बैठकीला अशी दोन किंवा तीन उपकरणं वापरतात, मध्ये पाच पाच मिनिटं थांबून. रुग्ण आरामखुर्चीत मागे रेललेला असतो. आधी बीपी बघतात, चाळीसएक मिनिटांनी पुन्हा बघतात, कारण तेव्हा ते सगळ्यात वर चढतं. पहिल्या तासात माणसाला आपण स्वतःपासून सुटून लांब तरंगतोय असं वाटू शकतं, आवाज दुरून येतात, हात आपले वाटत नाहीत, गरगरतं, मळमळतं, गुंगी येते. बहुतेकांचं दीड-दोन तासांत उतरतं. तोवर, निदान दोन तास, प्रशिक्षित माणूस डोळ्यासमोर हवाच. अमेरिकेत हे औषध फक्त नोंदणी केलेल्या केंद्रातच देतात, रुग्णाच्या हातात घरी न्यायला देतच नाहीत. म्हणजे भाच्याने कितीही मनावर घेतलं तरी त्याला ते दुकानातून विकत मिळणार नाही. आणि समजा कुठून मिळवलं, तरी केटामाइन गटाची औषधं तिकडेही आणि इकडेही नियंत्रित आहेत. आपल्याकडे केटामाइन २०१३ पासून शेड्यूल एक्समध्ये आहे, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दुकानदाराला ठेवावी लागते. अशी वस्तू बॅगेत घालून विमानाने आणणं म्हणजे एका चांगल्या मुलाला कस्टमच्या तावडीत देणं. त्याला आजच ‘आणू नकोस’ म्हणून कळवा. प्रेमापोटी करतोय, तेही आवर्जून सांगा.

आता तो व्हॉट्सॲपचा नंबर. घरपोच येणारी बाटली म्हणजे फार तर इंजेक्शनचं केटामाइन पाण्यात मिसळून स्प्रेच्या बाटलीत भरलेलं असणार, किती मिसळलं ते मिसळणाऱ्यालाच ठाऊक. अमेरिकेतही फार्मसीत बनवलेले असे स्प्रे लोक घरी वापरू लागले तेव्हा तिथल्या खात्याला २०२२ मध्ये धोक्याची सूचना काढावी लागली. तुमच्या यजमानांना बीपी आहे, रात्री क्लोनाझेपाम आहे, मनात काय चाललंय ते नीट माहीत नाही, अशा माणसाच्या हातात घरात ती बाटली? ताई, तो नंबर डिलीट करा. ज्यांनी दिला त्यांनाही सांगा, पुढे कुणाला देऊ नका.

मी बावीस वर्षं मानसोपचाराच्या ओपीडीत समुपदेशक म्हणून काम केलं. तुमच्या पत्राची फाईल माझ्या टेबलावर आली असती तर मी स्प्रेच्या आधी त्या तीन औषधांच्या ओळींवर बोट ठेवलं असतं. एस्सिटालोप्राम १० हा सुरुवातीचा डोस आहे, २० पर्यंत जाता येतं. सर्ट्रालीन ५० वरून २०० पर्यंत नेता येते, आणि ती तर पाच आठवड्यांत सुटली. व्हेनलाफॅक्सिन ७५ वर सहा महिने ठेवलंय, तिला बरीच वर जायला जागा आहे. म्हणजे तीन औषधं ‘झाली’ खरी, पण पुरेशा डोसने, सहा-आठ आठवडे, रोज न चुकता असं यातलं एकही नीट झालं का? पहिल्या औषधाने पूर्ण बरं वाटणारे साधारण तीनात एक असतात, त्यामुळे दुसरं-तिसरं लागणं यात काही अघटित नाही. डोस वाढवायचा की नाही हे डॉक्टर ठरवतील. व्हेनलाफॅक्सिनने बीपी वाढू शकतं, एस्सिटालोप्राम वाढवताना ईसीजी बघावा लागतो, आणि यातलं कुठलंही, विशेषतः व्हेनलाफॅक्सिन, एकदम बंद केलं तर डोक्यात करंट लागल्यासारखे झटके येऊ शकतात. तुम्ही मनाने काही बदलू नका. पण हा प्रश्न तुम्ही विचारायलाच हवा, ‘डॉक्टर, डोस कधी वाढवून बघितलाच नाही, तो वाढवता येईल का?’ एवढाच.

आणि गोळी खरंच पोटात जाते का, हेही बघा. माझ्या थोरल्या बहिणीचं सांगते. वर्षभर आम्ही म्हणत होतो, हिला कुठलंच औषध लागू पडत नाही. एकदा भाच्याच्या शर्टाला बटण लावायला मी तिचा बटणांचा डबा उघडला. पांढऱ्या बटणांमध्ये पांढऱ्या गोळ्या, तितक्याच आकाराच्या, कितीतरी. तिला त्या गोळ्यांनी तोंडाला कोरड पडायची आणि वजन वाढत होतं, पण डॉक्टरांसमोर सांगायची लाज वाटायची. मी त्या दिवशी रागावले, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. तुम्ही रागावू नका. ‘गोळीचा काही त्रास होतो का?’ असं विचारा. पन्नाशी उलटलेल्या पुरुषांना काही गोळ्यांनी शरीरसंबंधात अडचण येते, ते बायकोलाही सांगत नाहीत आणि डॉक्टरलाही नाही. गोळी मात्र गुपचूप बंद होते.

तुमच्या पत्रातली आणखी एक ओळ माझ्या नजरेतून सुटली नाही, ती मेटफॉर्मिनची. हे औषध वर्षानुवर्षं घेतलं की अंगातलं बी-१२ कमी होऊ शकतं. ॲसिडिटीची गोळी रोज घेत असले तर आणखी. त्यातून घरात शाकाहार असेल तर बघायलाच नको. बी-१२ कमी असलं की थकवा, विसरभोळेपणा, उदासी, सगळं येतं, आणि त्याच्यावर डिप्रेशनची गोळी एकटी पुरी पडत नाही. बी-१२, थायरॉइड, हिमोग्लोबिन, तीन महिन्यांची सरासरी शुगर, एवढं करून घ्या. हे आधी झालं असेल तर रिपोर्टवरची तारीख बघा, दोन वर्षांपूर्वीचा कागद आज कामाचा नाही. घोरतात का, घोरताना श्वास अडकल्यासारखा होतो का? ते डॉक्टरांना सांगा. आणि पूर्वी कधी, अगदी पंचविशीतसुद्धा, चार-पाच दिवस न झोपता भलत्या उत्साहात होते, पैसे उधळले, दहा बेत एकदम आखले, असं झालं होतं का? सासूबाई असतील तर त्यांना विचारा, दीरांना विचारा. तसं असेल तर आजार बायपोलर असू शकतो आणि उपचाराची दिशाच बदलते. हे माणूस स्वतः सांगत नाही, कारण त्याला ते आजाराचे दिवस वाटतच नाहीत. आपल्या आयुष्यातले चांगले दिवस म्हणून ते त्याच्या लक्षात असतात.

तो एका पायातला मोजा. पुढच्या वेळी डॉक्टरांना ‘उदास असतात’ असं म्हणू नका, मोज्याचं सांगा, जसं मला लिहिलंत तसं. किती वेळ बसतात, आठवड्यात किती सकाळी, जेवण किती, पहाटे कितीला डोळे उघडतात. हालचालींचा वेगच मंदावणं हे आजार खोल असल्याचं लक्षण असतं आणि औषध निवडताना डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो.

एवढं सगळं करूनही फरक पडला नाही, तर मग ‘हट्टी डिप्रेशन’ हे नाव खरं. मग पुढचे रस्ते उघडतात, आणि स्प्रे त्यातला फक्त एक आहे. हे मी मुद्दाम ठासून सांगते, कारण स्प्रेच्या शोधात महिने घालवणारी घरं मी पाहिली आहेत. चालू गोळीला लिथियम किंवा क्वेटियापिनसारखं दुसरं औषध जोडतात. तब्येतीला किती सोसेल आणि घाई किती आहे, दोन्हींचा विचार करून सलाइनमधून केटामाइन देतात, साधारण चाळीस मिनिटांत, देखरेखीखाली. डोक्यावर चुंबकाचे ठोके देण्याचा आरटीएमएस हा उपचार आहे, त्यासाठी चार-सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस जावं लागतं. आणि शॉक, म्हणजे ईसीटी.

ईसीटीचं नाव काढताच तुम्ही पत्र मिटून ठेवाल म्हणून थांबते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक द्यायला बंदी आहे. सिनेमातलं ते दृश्य डोक्यातून काढून टाका. बहिणीला शेवटी आठ ईसीटी लागले. सकाळी उपाशीपोटी न्यायचो, नर्स हाताला सुई लावायची, दहा-पंधरा मिनिटांत ती बाहेर, तासाभराने चहा-बिस्कीट. चौथ्यानंतर तिने स्वतःहून वेणी घातली. त्या दोन महिन्यांतलं बरंच तिला आजही आठवत नाही, तेही खरं आहे आणि मी ते लपवणार नाही. पण जीव द्यायचे विचार तीव्र असतील, खाणंपिणं सुटलं असेल, तर आजही ईसीटीइतकं भरवशाचं दुसरं काही नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत दोन्हींची तुलना झाली. ज्यांना भास-भ्रम नाहीत अशा हट्टी डिप्रेशनच्या रुग्णांत सलाइनमधल्या केटामाइनने ५५ टक्के लोकांना चांगला फरक पडला, ईसीटीने ४१ टक्के. म्हणजे केटामाइनही कमी नाही. स्प्रेचे आकडे मात्र जरा जमिनीवर आणतात. त्याच वर्षीच्या एका अभ्यासात गोळीसोबत स्प्रे घेणाऱ्यांपैकी आठव्या आठवड्याला पूर्ण बरे झालेले २७ टक्के, आणि गोळीसोबत क्वेटियापिन घेणाऱ्यांपैकी साधारण १८ टक्के. जास्त आहेच. पण दहातले सात जण तेव्हाही पूर्ण बरे झालेले नव्हते. आणि हेही लक्षात ठेवा, जीव देण्याचे विचार असलेल्या रुग्णांसाठी या स्प्रेला २०२० मध्ये मान्यता मिळाली खरी, पण तो आत्महत्या रोखतो असं सिद्ध झालेलं नाही. म्हणून वर सांगितलेलं गोळ्या मोजून देणं स्प्रे मिळाला तरी चालूच राहील.

इंदुरात सुरुवात कुठून करायची? एमजीएम मेडिकल कॉलेजचा मानसोपचार विभाग आणि बाणगंगेचं मानसिक चिकित्सालय. बाणगंगा म्हटलं की आपल्या लोकांचा चेहरा उतरतो, माहीत आहे मला. पण दुसरं मत घ्यायला, फाईल तपासून घ्यायला शिकवणाऱ्या डॉक्टरांची जागा बरी, खर्चही थोडा. खासगी सायकियाट्रिस्टकडेच जायचं असेल तर आधी फोन करा आणि ‘स्प्रे मिळतो का?’ एवढ्यावर थांबू नका. देणार ते औषध कंपनीच्या बंद पाकिटातलं एस्केटामाइन आहे की बाटलीत भरलेलं केटामाइन? दिल्यावर किती वेळ बसवून ठेवता, जवळ कोण असतं, ऑक्सिजन आणि बीपीचं मशीन खोलीत आहे का? बीपी चढलं तर काय करता? पहिल्या महिन्याचा सगळा खर्च किती, आणि चार आठवड्यांत फरक नाही पडला तर पुढे काय? समोरचा माणूस शांतपणे एकेक उत्तर देत असेल तर जाऊन भेटा. ‘घेऊन जा, घरी मारा’ म्हणाला तर फोन ठेवा. खर्चाचा अंदाज हवा म्हणून सांगते, २०१९ मध्ये अमेरिकेत एका बैठकीच्या औषधाचीच किंमत ५९० ते ८८५ डॉलर होती. मेडिक्लेम असेल तर विचारून बघा. त्याच २०१७ च्या कायद्याने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यायला सांगितलंय, पण तुमच्या पॉलिसीत भरती न होता केलेले उपचार बसतात का, ते कंपनीकडून लेखी घ्या.

डॉक्टरांनी सगळं बघून स्प्रेच ठरवला, तर त्यांनी विचारलं नाही तरी सांगायच्या दोन गोष्टी आहेत. मेंदूत रक्तस्राव झाला असेल किंवा रक्तवाहिनीला फुगा असेल, घरात कुणाला असेल तरी, ते सांगा. रुग्णाला स्वतःला असं काही असेल तर हा स्प्रे चालत नाही. आणि दारू, थोडी असली तरी सांगा. बैठकीच्या दिवशी दोन तास आधी काही खायचं नाही, अर्धा तास आधी पाणीही नाही. त्या दिवशीचं बीपी १४०/९० च्या वर असलं तर डॉक्टर पुढे ढकलू शकतात, तेव्हा बीपीची गोळी विसरू नका. पहिले चार आठवडे आठवड्यातून दोनदा, पुढचे चार आठवड्यातून एकदा, म्हणजे दोन महिन्यांत बारा खेपा. दुसऱ्या दिवशी झोप नीट होईपर्यंत त्यांनी गाडी चालवायची नाही, ॲक्टिव्हाही नाही.

या बारा खेपा तुम्ही एकटीने करायच्या नाहीत. समाजात सगळ्यांना सांगू नका, पण एका माणसाला सांगा. नणंद असेल, मुलगा असेल, शेजारच्या काकू असतील. डॉक्टरांकडे जाण्याआधी एका कागदावर लिहून काढा, कुठली गोळी, किती मिलिग्रॅम, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, का बंद केली. हे मिस्टरांसोबत बसून लिहा, तारखा त्यांनाच विचारा. आणि विम्याचे कागद त्या एका माणसाच्या घरी ठेवून या.